जेनेटिक रिपोर्ट डॉक्टर कसा वाचतात, घरचे कसा वाचतात आणि समाज कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाचा जेनेटिक टेस्टचा रिपोर्ट आला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. तुमच्या केसमध्ये नक्की काय करायचं ते तुमचे डॉक्टर आणि जेनेटिक काउन्सेलरच सांगणार. इथे मुख्यतः एवढंच आहे की एकाच निकालाकडे वेगवेगळी माणसं इतक्या वेगळ्या नजरेने का बघतात, आणि त्या भानगडीत आपण कुठे उभं राहायचं.

रिपोर्टमध्ये जीनमध्ये दोष आहे असं आलंय. म्हणजे आजार होणारच ना?

कुठला जीन, त्यावर आहे. सगळ्यांना एकाच मापाने मोजलं की गोंधळ होतो आणि बहुतेक घरांत तोच होतो.

हंटिंग्टन घ्या, मेंदूचा हळूहळू वाढत जाणारा आजार. यात चौथ्या क्रोमोसोमवरच्या एका जीनमध्ये सीएजी ही तीन अक्षरं गरजेपेक्षा जास्त वेळा रिपीट झालेली असतात. ४० किंवा त्याहून जास्त रिपीट असतील तर नेहमीचं आयुष्य जगलेल्या माणसाला आजार होतोच असं धरलं जातं, ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा नाहीही होणार, आणि त्याच्या खाली होत नाही. आता बीआरसीए१ हा जीन बघा. त्यात बिघाड असलेल्या बाईला वयाच्या ८० पर्यंत ब्रेस्ट कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७० टक्क्यांच्या आसपास आणि ओव्हरीच्या कॅन्सरची ४४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे खूप जास्त, पण शंभर नाही, आणि काहींना आयुष्यभर काहीच होत नाही. आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचा कॅरियर (प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, वडिलांकडून एक; कॅरियरमध्ये त्यातली एकच बिघडलेली असते) म्हणाल तर तो स्वतः जवळपास ठणठणीत असतो, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी दिसतं.

तिन्ही रिपोर्टांवर शब्द साधारण सारखेच असतात. घरी मात्र तिन्ही वेळा "रक्तातच आहे" एवढंच ऐकू जातं.

लॅब एक सांगते, डॉक्टर दुसरं आणि काउन्सेलर तिसरंच. कुणाचं खरं मानायचं?

तिघंही बहुतेक खरंच सांगत असतात, त्यांचे प्रश्न वेगळे असतात एवढंच. रिपोर्टचं पहिलं पान नीट बघा. जीनचं नाव, मग सी आणि टिंब लावून सुरू होणारी आकड्याअक्षरांची एक विचित्र ओळ, मग बदल एका प्रतीत आहे की दोन्ही, आणि शेवटी एक वर्ग. हा वर्ग म्हणजे लॅबचं उत्तर. २०१५ पासून जगभरच्या बऱ्याच लॅब एकच पाच पायऱ्यांची पद्धत वापरतात: घातक, बहुतेक घातक, अर्थ अनिश्चित, बहुतेक निरुपद्रवी, निरुपद्रवी. यातलं "बहुतेक" म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त खात्री, उगाच मोघम नाही. पण लॅबने उत्तर दिलं ते फक्त त्या अक्षरबदलाबद्दल, तुमच्याबद्दल नाही.

डॉक्टर बघतात की आता करायचं काय, स्कॅन, औषध, ऑपरेशन की नुसती नजर ठेवायची, आणि त्यांना कारवाई करायची सवय असते त्यामुळे बोलण्यात घाई येते. काउन्सेलरची शिकवणच अशी की निर्णय आपण लादायचा नाही, माहिती द्यायची आणि माणसाला ठरवू द्यायचं, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की ह्या बाई काही स्पष्ट बोलतच नाहीत. मग रागावून लोक विचारतात "तुमच्या जागी तुम्ही काय केलं असतं?" आणि त्यावर सरळ उत्तर येत नाही. माझं मत विचाराल तर हे तटस्थ राहणं कधी कधी अति होतं, घाबरलेल्या माणसाला पाच पर्याय समोर ठेवून "ठरवा" म्हणणं हीसुद्धा एक प्रकारची अंगचोरीच. पण उलट टोकाचा इतिहास इतका वाईट आहे (पुढे येतोय) की ही सावधगिरी कुठून आली ते कळतं.

माझ्या रिपोर्टमध्ये व्हीयूएस आलंय. ऑपरेशन करून टाकू का?

नको, निदान त्या एका ओळीवरून तरी नको. व्हीयूएस म्हणजे वरच्या पाचातला "अर्थ अनिश्चित" वर्ग: बदल दिसला पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. पुढे जेव्हा अशा बदलांचा अर्थ लागतो तेव्हा त्यातले बहुतेक निरुपद्रवी निघतात. म्हणून डॉक्टरांनी निर्णय घ्यायचा तो घरातल्या आजारांच्या इतिहासावर आणि तुमच्या तपासण्यांवर, व्हीयूएसवर नाही, असंच सगळे प्रोफेशनल सांगतात.

यात एक अन्याय आहे तो बोलला पाहिजे. ज्या डेटाबेसवरून अर्थ लावतात त्यात युरोपियन वंशाच्या लोकांचा भरणा आहे, त्यामुळे बाकीच्या जगातल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये व्हीयूएस जास्त येतात. शरीर जास्त बिघडलंय म्हणून नाही, आपल्यासारख्यांचे रिपोर्ट त्यांच्याकडे कमी जमलेत म्हणून. वर्षा-दोन वर्षांनी लॅबला किंवा डॉक्टरांना परत विचारायचं की वर्ग बदलला का, कारण आपणहून कळवतीलच याचा भरवसा नाही.

हे आईकडून आलं की वडिलांकडून?

प्रश्न मेडिकली बरोबर आहे, पण घरात तो विचारला जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच हेतूने. डॉक्टरांना बाजू कळली की कुठल्या काका-मावशांना तपासायचं ते ठरवता येतं. घरच्यांना बाजू कळली की दोष कुणाच्या माथी मारायचा ते ठरतं, आणि तो माथी मारला जातो बाईच्या.

हिमोफिलिया (रक्त नीट गोठत नाही), डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू कमजोर होत जातात) असे आजार एक्स क्रोमोसोमवरून येतात, आई कॅरियर असू शकते आणि मुलाला आजार होतो, हे एकदा कळलं की "हिच्यामुळे" असं वाक्य घरात कायमचं बसतं. पण डुशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये तो बदल नव्याने झालेला असतो, आईच्या रक्तात नसतोच, हिमोफिलियाच्याही बऱ्याच मुलांच्या घरात आधी कुणालाच नसतो. आणि आई कॅरियर निघाली तरी तिने काय मुद्दाम निवडून दिला का तो जीन? प्रत्येकाच्या अंगात दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असे काही जीन असतातच, तपासले नाहीत म्हणून माहीत नाहीत एवढंच.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे. बीआरसीए बायकांचा जीन, म्हणून वडिलांकडच्या आत्याचा, आजीचा कॅन्सर कुणी हिशोबातच धरत नाही. तो बदल वडिलांकडूनही येतो, अगदी निम्म्या चान्सने, आणि पुरुषांनाही त्याने प्रोस्टेटचा, पॅन्क्रियाजचा, क्वचित ब्रेस्टचासुद्धा कॅन्सर होऊ शकतो. फॅमिली हिस्टरी लिहून देताना वडिलांची बाजू कोरी सोडलेले फॉर्म काउन्सेलर रोज बघतात.

आमच्या सात पिढ्यांत कुणाला नाही, मग आनुवंशिक कसं काय?

तीन कारणं. एक, बदल नव्याने झालेला असू शकतो: अकाँड्रोप्लेजिया, म्हणजे हातपाय आखूड राहून उंची कमी राहण्याची स्थिती, असलेली जवळजवळ ८० टक्के मुलं नेहमीच्या उंचीच्या आईवडिलांनाच होतात. दुसरं, दोन प्रती बिघडल्याशिवाय जो दिसत नाही असा आजार पिढ्यान्पिढ्या गुपचूप चालत येऊ शकतो आणि दोन कॅरियर एकत्र आले की पहिल्यांदा दिसतो. आणि तिसरं कारण डॉक्टर हळू आवाजात सांगतात: आधीच्या पिढीत होता पण कुणी नाव घेतलं नाही.

जवळच्या नात्यात लग्न केलं म्हणूनच झालं का?

कधी कधी हो, पण जितकं सांगतात तितकं सरसकट नाही. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नात बाळाला जन्मजात व्यंग असण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात हजारो बाळांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये निकाल आले, त्यात ही शक्यता सुमारे ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेली होती. म्हणजे धोका खरा आहे, आणि तरीही अशा १०० बाळांमधली ९४ ठीकच असतात. डॉक्टर "दुप्पट" सांगतात, समाज "९४ ठीक" सांगतो, आकडा तोच. ज्या समाजात ही लग्नं पिढ्यान्पिढ्या होत आलीत तिथे जाऊन "तुमची पद्धतच चूक" असं सुनावलं की लोक क्लिनिकला यायचंच बंद करतात, आणि "तुमच्या घराण्यात अमुक आजाराचा कॅरियर आहे, लग्नाआधी दोघांची टेस्ट करून घ्या" असं नेमकं सांगितलं की करूनही घेतात.

कॅरियर म्हणजे आजारीच ना? लग्न ठरवताना सांगावं का?

कॅरियर आजारी नाही. थॅलेसेमियासारख्या, दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणाऱ्या आजारात दोघंही कॅरियर असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता की बाळाला आजार, ५० टक्के की तेही कॅरियर, २५ टक्के की काहीच नाही. एकच जण कॅरियर असेल तर बाळाला तो आजार होत नाही (वर सांगितलेल्या एक्स क्रोमोसोमवरच्या आजारांचं गणित वेगळं). इतकं सोपं गणित, तरी समाजाने त्यात काय काय गोंधळ घातलाय ते बघण्यासारखं आहे.

अमेरिकेत १९७० च्या दशकात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मोठी तपासणी मोहीम झाली. काही राज्यांनी कायदे करताना कॅरियर आणि पेशंट यातला फरकच नीट ठेवला नाही, काळ्या लोकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला, एअर फोर्स अकॅडमीने तर कॅरियर मुलांना १९८१ पर्यंत घेतलंच नाही. आजाराने जितकं नुकसान केलं नव्हतं तितकं तपासणीने केलं असं म्हणणारे लोक त्या समाजात अजून आहेत, आणि त्यांना अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस गावातही त्याच सुमारास सगळ्यांना तपासून कॅरियर कोण ते सांगितलं, कल्पना अशी की दोन कॅरियर एकमेकांशी लग्न करणार नाहीत. झालं काय, तर कॅरियरवर शिक्का बसला आणि बऱ्याच जणांनी लग्न ठरवताना ती गोष्ट लपवली.

आता दुसरी बाजू. सायप्रसमध्ये साधारण सातातला एक जण थॅलेसेमियाचा कॅरियर. तिथे डॉक्टर, पेशंटचे आईवडील आणि चर्च असे सगळे एकत्र बसले आणि लग्नाआधी टेस्ट केल्याचा दाखला चर्च मागायला लागलं. निकाल काय आला ते चर्च विचारत नाही, टेस्ट केली एवढंच बघतं. दोघंही कॅरियर निघालेली जोडपी बहुतेक लग्न करतातच, पुढे गरोदरपणात तपासणी करून घेतात. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्यावर होणारा गंभीर आजार, घेऊन जन्मणारी मुलं तिथे जवळपास शून्यावर आली. कडव्या ज्यू समाजात याहून वेगळा मार्ग काढला: टे-सॅक्स या लहानपणीच जीव घेणाऱ्या मेंदूच्या आजाराने स्वतःची चार मुलं गमावलेल्या एका रब्बींनी १९८३ मध्ये डोर येशोरिम सुरू केलं. तिथे टेस्ट करणाऱ्याला निकाल सांगतच नाहीत, फक्त एक नंबर देतात. स्थळ आलं की दोघांचे नंबर कळवायचे आणि जोडी जुळते की नाही एवढंच उत्तर मिळतं. काही डॉक्टरांना हे अजिबात पटत नाही, माणसाचा स्वतःच्या माहितीवर हक्क कसा नाही म्हणून. पण शिक्का बसण्याची भीती ज्यांच्यात सगळ्यात जास्त, त्यांनी स्वतःच शोधलेला उपाय आहे तो, आणि चाललाय.

सांगावं का? माझ्या मते हो, पण "माझ्यात दोष आहे" असं नाही, "मी अमुकचा कॅरियर आहे, तुम्हीही टेस्ट करा" असं. अर्धी माहिती दिली की समोरचा बाकीची अर्धी भीतीने भरतो.

निकाल माझा आहे, नातेवाइकांना का सांगू?

कायद्याने बहुतेक ठिकाणी तुमची मर्जी. पण जीन एकट्याचा नसतो हीच तर अडचण. सख्ख्या बहीण-भावाला तोच बदल असण्याची शक्यता निम्मी असू शकते, आणि वेळेत कळलं तर मोठ्या आतड्याच्या आनुवंशिक कॅन्सरसारख्या आजारात कोलोनोस्कोपी करून जीव वाचतो, नुसती गंमत नाहीये ती.

डॉक्टरांचीही यात कुचंबणा होते. इंग्लंडमध्ये एक केस झाली. एका माणसाला हंटिंग्टन निघाला, त्याने मुलीला सांगायला नकार दिला, ती तेव्हा गरोदर होती. डॉक्टर गप्प राहिले, नंतर तिला चुकून कळलं, तिचीही टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि ती कोर्टात गेली. २०२० मध्ये हायकोर्टाने म्हटलं की पेशंटचं गुपित आणि मुलीचं हित दोन्ही तराजूत टाकून बघणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, पण या केसमध्ये ते चुकले असं म्हणता येत नाही. ती केस हरली, पण तराजूची गोष्ट मात्र कायद्यात आली. आइसलँडचं तर अजून अवघड. तिथे एका कंपनीकडे लोकांच्या जीनचा इतका डेटा आहे की बीआरसीए२ चा एक ठरावीक बदल कुणाकुणात आहे ते शोधता येतं, आणि तरी सरकार बरीच वर्षं म्हणत राहिलं की ज्याने विचारलं नाही त्याच्या दारात जाऊन सांगायचं नाही. २०१८ मध्ये मधला मार्ग निघाला, ज्याला हवं त्याने स्वतः ऑनलाइन विचारायचं.

घरी सांगायचं कसं, तर फॅमिली ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका. काउन्सेलरकडून नातेवाइकांसाठीचं साधं पत्र मिळतं. त्यात जीनचं नाव, नेमका बदल आणि कुठे जायचं एवढंच असतं. ते एकेकाला द्या, आणि बोलणं कमी असेल त्या नातेवाइकाकडे मधल्या कुणाला तरी पाठवा. ज्याच्याशी भांडण आहे त्यालाच नेमकं सांगायचं राहून जातं, हे जवळपास प्रत्येक घरात होतं.

मला जाणूनच घ्यायचं नाही. हे भित्रेपणाचं आहे का?

अजिबात नाही. हंटिंग्टनची टेस्ट यायच्या आधी लोकांना विचारलं होतं तेव्हा खूप जण म्हणाले आम्ही करू. १९९३ मध्ये जीन सापडला, अचूक टेस्ट आली, आणि प्रत्यक्षात ज्यांना धोका आहे त्यातले पाचातला एकसुद्धा बहुतेक देशांत टेस्ट करायला येत नाही. नॅन्सी वेक्सलर यांनी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत वर्षानुवर्षं काम करून हा जीन शोधायला मदत केली, त्यांच्या आईला हंटिंग्टन होता, आणि स्वतःच्या निकालाबद्दल त्या कित्येक वर्षं काही बोलल्या नाहीत. २०२० मध्ये त्यांनी आपल्यालाही तो आजार असल्याचं जाहीर सांगितलं. डीएनएची रचना सांगणाऱ्या जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये आपला अख्खा जीनोम लोकांपुढे ठेवला, पण अल्झायमरचा धोका सांगणारा एपीओई जीन तेवढा झाकून ठेवा म्हणाले, मलाही सांगू नका.

ज्या आजारावर काही करता येतं तिथे न बघणं महागात पडतं, जिथे काहीच करता येत नाही तिथे न बघणं हा सरळ निर्णय आहे. दोन्ही एकात मिसळू नका म्हणजे झालं.

लहान मुलांची टेस्ट करून टाकावी का?

लहानपणीच सुरू होणारा किंवा लहानपणीच उपचार लागणारा आजार असेल तर हो. मोठेपणी होणाऱ्या आजाराची टेस्ट मुलावर करू नका असंच बहुतेक सगळ्या प्रोफेशनल संस्था सांगतात. ते मूल १८ वर्षांचं झाल्यावर स्वतः ठरवेल, आणि वरचा प्रश्न वाचलात तर ते बहुधा "नको" म्हणेल.

टेस्ट एका कारणासाठी केली आणि भलतंच सापडलं तर?

सापडू शकतं, विशेषतः पूर्ण एक्सोम (प्रोटीन बनवणारा भाग) किंवा जीनोम (अख्खा डीएनए) वाचला तर. अमेरिकेतल्या जेनेटिक डॉक्टरांच्या संस्थेने २०१३ मध्ये ५६ जीनची यादी काढली आणि म्हटलं की यात काही घातक दिसलं तर पेशंटने विचारलं नसलं तरी कळवा. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी त्यांनी "नको असेल तर आधीच नाही म्हणता येईल" असं केलं. आता ती यादी ८० च्या वर गेलीय. सही करायच्या आधी संमतीच्या फॉर्मवर ही चौकट कुठे आहे ते शोधा आणि हो-नाही स्वतः टिक करा.

आणि अजून एक, जे फार कुणी आधी बोलत नाही: आईवडील आणि मूल अशी तिघांची टेस्ट केली की कोण कुणाचं मूल तेही दिसतं. काउन्सेलर हे टेस्टच्या आधीच विचारून घेतात. नसतील विचारत तर तुम्ही विचारा.

कर्णबधिर किंवा कमी उंचीचे काही लोक म्हणतात हा आजारच नाही. हे कसं?

हा प्रश्न बहुतेक वेळा "किती विचित्र ना" अशा सुरात येतो, म्हणून जरा सविस्तर.

जन्मजात बहिरेपणामागे कितीतरी वेळा जीजेबी२ नावाच्या जीनमधला बदल असतो. डॉक्टरांच्या फाइलमध्ये तो "बिघाड" असतो. पण जी माणसं साइन लँग्वेजमध्ये वाढलीत, ज्यांचे आईवडील, मित्र, नवरा-बायको सगळे त्याच भाषेत बोलतात, त्यांच्यासाठी ती एक भाषा आहे, एक बिरादरी आहे. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर दोनशेहून जास्त वर्षं आनुवंशिक बहिरेपणा होता आणि तिथे ऐकू येणाऱ्यांनाही साइन यायची, त्यामुळे कोण बहिरा कोण नाही याने फारसा फरकच पडत नव्हता. म्हणजे त्रास जीनमध्ये किती आणि आजूबाजूच्या माणसांत किती, हा प्रश्न अगदी वाजवी आहे.

आणि त्यांचा संशय हवेतून आलेला नाही. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८३ मध्ये बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्नं करू नयेत अशा अर्थाचा पेपर वाचला. १९३३ च्या नाझी कायद्यात ज्यांची सक्तीने नसबंदी करायची त्या यादीत आनुवंशिक बहिरेपणा होता, अंधत्व होतं, हंटिंग्टन होता, आणि सह्या करणारे डॉक्टरच होते. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही १९२७ मध्ये सक्तीची नसबंदी मान्य केली होती. काउन्सेलर आज "तुम्हीच ठरवा" म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. २००८ मध्ये ब्रिटनने कायदा केला की आयव्हीएफमध्ये गंभीर स्थिती असलेला भ्रूण मुद्दाम निवडायचा नाही, तेव्हा कर्णबधिर लोकांनी विरोध केला, की आमच्यासारखं मूल नको हे सरकार कोण ठरवणार.

पण सगळ्यांचं एकमत आहे असंही नाही. २०२१ मध्ये अकाँड्रोप्लेजियासाठी व्होसोरिटाइड नावाचं इंजेक्शन आलं, मुलाची उंची थोडी वाढवणारं, रोज टोचायचं. काही आईवडिलांना ते वरदान वाटलं, आणि कमी उंचीच्याच काही मोठ्या माणसांना वाटलं की आम्हाला दुरुस्त करायला निघालेत, त्यापेक्षा लिफ्टची बटणं खाली लावा. मला दोन्ही बाजूंचं पटतं आणि यातून सुटसुटीत उत्तर निघत नाही.

ऑटिझममध्येही हेच. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये १० हजार ऑटिस्टिक लोकांचा डीएनए गोळा करायचा प्रकल्प जाहीर झाला आणि ऑटिस्टिक लोकांनीच इतका आवाज उठवला की काही आठवड्यांत थांबवावा लागला. त्यांचा प्रश्न साधा होता, ही माहिती उद्या कशासाठी वापरणार?

डॉक्टर जास्तच घाबरवतात असं का वाटतं?

कारण त्यांच्याकडे माणूस त्रासात असतानाच येतो. एखाद्या स्थितीतलं बरं चाललेलं घर त्यांच्या केबिनमध्ये येत नाही. डाउन सिंड्रोमबद्दल अमेरिकेत २०११ मध्ये एक सर्व्हे आला, १२ वर्षांवरच्या, डाउन असलेल्या २८४ जणांना विचारलं, त्यातल्या जवळपास ९९ टक्क्यांनी आपण आनंदी आहोत असं सांगितलं. आता हे लोक संस्थांच्या संपर्कातले होते, म्हणजे बरी साथ मिळालेले, हे धरूनच आकडा बघायचा. पण तरीही निदान सांगतानाच्या त्या दहा मिनिटांत हा आकडा कुणी सांगत नाही, हृदयातल्या छिद्राचं तेवढं सांगतात. निदान कळल्यावर डॉक्टरांबरोबरच त्या स्थितीसोबत जगणाऱ्या एका तरी घराशी बोला.

काही समाज रिसर्चसाठी रक्त द्यायलाच नाही म्हणतात. विज्ञानविरोधी आहेत का?

हावासुपाई लोकांचं ऐका आणि मग ठरवा. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणारी ही छोटी आदिवासी जमात, त्यांच्यात डायबेटिस खूप, म्हणून १९९० च्या सुमारास त्यांनी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं. तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं आणि त्यांचे पूर्वज कुठून आले अशा विषयांवर वापरलं गेलं. या कॅन्यनमध्येच आपला उगम आहे असं मानणाऱ्यांना त्यांच्याच रक्तावरून "तुम्ही आशियातून आलात" असं सांगितलं. २०१० मध्ये तडजोड झाली, ७ लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत. अमेरिकेतल्याच नावाहो या आदिवासी जमातीने २००२ मध्येच जेनेटिक रिसर्चवर बंदी घातली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली, आधी आमच्या परिषदेला विचारा, निष्कर्ष छापायच्या आधी आम्हाला दाखवा अशी. यात विज्ञानाला विरोध कुठे दिसत नाही, न विचारता वापरण्याला दिसतो.

इन्शुरन्स आणि नोकरीवर परिणाम होतो का?

देशागणिक वेगळं. अमेरिकेचा २००८ चा कायदा हेल्थ इन्शुरन्स आणि नोकरीत संरक्षण देतो, लाइफ इन्शुरन्समध्ये नाही. कॅनडाने २०१७ मध्ये जास्त कडक कायदा केला. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी मान्य केलंय की पुढचा धोका सांगणाऱ्या टेस्टचा निकाल मागायचा नाही, अपवाद एकच, ५ लाख पाउंडांच्या वरचा लाइफ इन्शुरन्स आणि हंटिंग्टन. तुमच्या देशात काय नियम ते रक्त द्यायच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो, कारण फॉर्मवर खोटं लिहिलं तर क्लेमच अडकतो.

घरी मागवायच्या किटमध्ये बीआरसीए निगेटिव्ह आलं. सुटलो ना?

नाही. २०१८ मध्ये ज्या घरगुती टेस्टला अमेरिकेत परवानगी मिळाली ती बीआरसीएच्या हजारो बदलांपैकी फक्त तीनच बघत होती, तेही मुख्यतः अश्केनाझी (मूळ मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यू लोकांत सापडणारे. उलटंही होतं: अशा कंपन्यांचा कच्चा डेटा लोकांनी पुढे क्लिनिकल लॅबकडे नेला तेव्हा एका अभ्यासात त्यातले ४० टक्के बदल तिथे सापडलेच नाहीत. आणि २०२३ मध्ये अशाच एका मोठ्या कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, २०२५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि टेस्टला दिलेली आपली थुंकी आता कुणाच्या मालकीची असा प्रश्न लोकांना पडला. हौस म्हणून करा, औषधपाण्याचा निर्णय त्यावर नको.

नवीन उपचार आले की लोकांचा दृष्टिकोन बदलतो का?

बदलतो, पण लगेच नाही. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी (बाळाचे स्नायू कमजोर करत जाणारा आजार) यावर २०१६ च्या शेवटी पहिलं औषध मंजूर झालं आणि "बाळ जन्मल्या जन्मल्या तपासून काय करायचं" हा प्रश्नच फिरला, कारण लक्षणं दिसायच्या आधी औषध दिलं तर फरक प्रचंड पडतो. सिकल सेलवर २०२३ मध्ये जीन एडिटिंगचा उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला, पण त्यात आधी कडक केमो लागते, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, खर्च अफाट, आणि ज्या समाजाला ५० वर्षांपूर्वी तपासणीनेच पोळलंय त्याला "या, तुमचे जीन बदलू" म्हटल्यावर तो आधी चार प्रश्न विचारणारच.

काउन्सेलरकडे जाताना काय न्यायचं?

रिपोर्टची सगळी पानं, फक्त पहिलं नाही, कारण कुठले जीन तपासले आणि कुठला भाग नीट वाचता आला नाही ते शेवटच्या पानांवर असतं. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची माहिती: कुणाला काय झालं, कितव्या वर्षी झालं, गेले असतील तर कशाने. वय नक्की माहीत नसेल तर "चाळिशीत" एवढंही पुरतं. तिथे समोर बसून चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई असा वंशवृक्ष काढतात, आजार असलेला भरून काळा करतात, आणि तो काढताना बऱ्याच जणांना पहिल्यांदाच दिसतं की काळे गोल सगळे एकाच बाजूला आहेत. गर्भपात, लहानपणी गेलेली मुलं, दत्तक घेतलेली माणसं हेही सांगा, लाजू नका, त्यावरून हिशोब बदलतो. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आदल्या आठवड्यात फोन करून विचारून ठेवा, तिथे बसल्यावर आठवत नाही.